पिंजऱ्यातली बायको, वकील नवरा

१९६२ च्या ऑक्टोबरात दिल्लीत आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. फिरत्या रंगमंचावर कोर्ट उभं होतं आणि आरोपी होता निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. कुणी म्हणे हा दिवाकर दातार, कुणी म्हणे कॅप्टन अशोक परांजपे, कुणी म्हणे राधेश्याम महाराज. फसवल्या गेलेल्या बायका आणि त्यांचे नातलग एकामागून एक साक्षीला येत आणि प्रभाकर पणशीकरांचा लखोबा प्रत्येकाची ओळख शांतपणे झटकून टाकत असे. माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून अत्र्यांना हे नाटक सुचलं होतं. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असायचं, तरीही पणशीकर बोलायला लागले की क्षणभर वाटून जायचं, कोण जाणे, हा खरंच कुणी दुसरा असेल!

दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ या चित्रपटात बरोबर याच्या उलटा खटला उभा राहिला. आता पिंजऱ्यात बाई होती आणि ती काहीच नाकारत नव्हती. तिचा दावा एवढाच, की मी या माणसाची बायको आहे. आणि तो माणूस समोर उभा राहून सांगत होता, की माझी बायको मेली आहे.

पुढे १९६६ मध्ये राज खोसला यांनी हीच गोष्ट ‘मेरा साया’ या नावाने हिंदीत केली. साधना, सुनील दत्त, मदनमोहन यांचं संगीत, उदयपूरच्या तळ्यातल्या राजवाड्याचं चित्रण. हिंदीतल्या गाजलेल्या रहस्यपटांची यादी या नावाशिवाय पुरी होत नाही. दगा, संशय आणि जिवावर बेतलेली झुंज यांचा तो आजही उत्तम नमुना मानला जातो. त्याचं मूळ मराठी आहे, हे जाणकारांना ठाऊक असतं. पण ती केवळ एक तळटीप म्हणून सांगितली जाते. मला हे पटत नाही. ‘पाठलाग’ हा चित्रपट त्या दशकातल्या मराठी मनातूनच निघू शकत होता, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची कारणं त्या काळातच सापडतात.

पहिलं कारण म्हणजे तेव्हा साऱ्या मुंबईला लागलेलं कोर्टाचं वेड. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. आहुजांचे नानावटींच्या पत्नीशी संबंध होते. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही; त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली आणि कोर्टातली उलटतपासणी चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात पुन्हा पुन्हा घेतली जाऊ लागली. १९६३ मध्ये ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा चित्रपट याच प्रकरणावर बेतून आला. त्यात पिंजऱ्यात उभा राहणारा नवरा सुनील दत्त होता. दिग्दर्शक होते आर. के. नय्यर, ज्यांच्याशी पुढे साधनाने लग्न केलं. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. म्हणजे ‘पाठलाग’ आला त्या वर्षी नवरा, बायको आणि न्यायालय हा विषय घराघरांत ताजा होता.

दुसरं कारण वाचनालयांत. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तेव्हा हातोहात जात होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं शाळकरी पोरांपासून गिरणीतल्या कामगारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. समीक्षकांनी या लेखनाकडे पाठ फिरवली. पण वेषांतर, एकसारखे दिसणारे चेहरे, मेलेला माणूस परत येणं, या साऱ्याची गोडी मराठी वाचकाला त्यांनीच लावली. जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी या वाचकासमोर आली तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती. ‘पाठलाग’ त्या कादंबरीवर आधारलेला आहे.

तिसरं कारण फार जुनं आहे, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मेलेला माणूस परत आल्याचा दावा मराठी इतिहासाने एकदा राज्य हादरेपर्यंत अनुभवला आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणधुमाळीत त्यांच्या मृत्यूबद्दल शंका उरली आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. मग एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, मीच भाऊ. त्याची चौकशी झाली, त्याला तोतया ठरवून कैदेत टाकलं. पण तो सुटला आणि कोकणात त्याने बंड उभारलं. पेशवाई आधीच घरच्या भांडणात अडकलेली, त्यात हे. किल्ले त्याच्याकडे जाऊ लागले, माणसं त्याला मुजरा करू लागली. शेवटी तो पकडला गेला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. या सगळ्यात पार्वतीबाई कुठे होत्या, काय सोसत होत्या, हा प्रश्न मला नेहमी पडतो. दरबार ओळखीच्या खुणा तपासत होता. ज्या बाईचं आयुष्य त्या उत्तरावर टांगलेलं होतं, तिला मात्र वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

विसाव्या शतकात असंच एक प्रकरण बंगालात घडलं. भवालचे कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारल्याचं जाहीर झालं होतं. १९२१ मध्ये एक संन्यासी ढाक्यात आला आणि तोच कुमार असल्याचं लोक म्हणू लागले. खटला चालत चालत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४६ मध्ये निकाल संन्याशाच्या बाजूने लागला. त्याच्या पत्नीने मात्र त्याला कधीच आपला नवरा मानलं नाही. ‘पाठलाग’ची गोष्ट या प्रकरणाची आरशातली प्रतिमा वाटावी अशी आहे. इथे नाकारणारा नवरा आहे.

या विषयाला हात घालणारे राजा परांजपे म्हणजे मिरजेचा, १९१० मध्ये जन्मलेला माणूस. लोकांनी त्यांना प्रामुख्याने हसवणारा दिग्दर्शक म्हणून डोक्यावर घेतलं. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘गंगेत घोडं न्हालं’ या चित्रपटांनी पन्नासच्या दशकातलं मराठी मध्यमवर्गीय घर पडद्यावर आणलं. ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके आणि राजाभाऊ या त्रिकुटाची त्या काळातली कामगिरी मराठी माणसाला तोंडपाठ आहे. ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा. १९६३ चा ‘हा माझा मार्ग एकला’ त्या वर्षीचा राष्ट्रीय पातळीवरचा उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. पण बाजाराचा वारा निराळा होता. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यानंतर ढोलकी, फड आणि पाटलाचा वाडा यांचं पीक आलं. शहरातल्या एका वकिलाच्या घरात घडणारं, बैठकीची लावणी नसलेलं, कोर्टात शब्दांनी लढलं जाणारं नाट्य काढणं हे अशा वेळी धाडसाचंच होतं. ते धाडस फळाला आलं. १९६४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतलं राष्ट्रपतींचं रौप्यपदक ‘पाठलाग’ला मिळालं.

विनोदी चित्रपट करणाऱ्याला रहस्यपट कसा साधला, असं अनेकांना वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही. दोन्हीकडे गोष्ट एका माहितीवर उभी असते: कुणाला काय ठाऊक आहे आणि कधी कळणार आहे. विनोदात गैरसमज उलगडला की माणूस हसतो, रहस्यपटात उलगडला की श्वास सोडतो. वेळ साधण्याचं कसब एकच. राजाभाऊंनी १९६५ मध्ये ‘पडछाया’ काढला तोही याच वाटेवरचा.

आता गोष्टीकडे येऊ. तपशील ‘मेरा साया’तले सांगतो, कारण बहुतेकांनी तोच पाहिला आहे, सांगाडा दोन्हीकडे एकच.

ठाकूर राकेश सिंग हा नामांकित वकील. पुढच्या अभ्यासासाठी लंडनला गेलेला असताना बायको गीता आजारी असल्याचं कळतं. तो धावत परत येतो आणि ती त्याच्या मिठीत प्राण सोडते. तो दुःखात बुडालेला असतानाच पोलीस सांगतात, की दरोडेखोरांच्या टोळीतली रैना नावाची बाई पकडली आहे, ती हुबेहूब तुमच्या पत्नीसारखी दिसते आणि तीच असल्याचं सांगते. राकेश तिला पाहतो आणि चिडतो. मेलेल्या बायकोची ही विटंबना त्याला सहन होत नाही. खटला उभा राहतो. ती एकेक खासगी गोष्ट सांगू लागते. दोघांतच घडलेल्या, तिसऱ्या माणसाला कळणं अशक्य असलेल्या गोष्टी. पहिल्या भेटीच्या, लग्नानंतरच्या दिवसांच्या आठवणी. कोर्ट चकित होतं, राकेश डळमळतो, आणि मग सावरून पुन्हा हल्ला करतो.

इथे थांबून बघावं असं काहीतरी आहे. या बाईला मारायला कुणी धावत नाही. टोळीचा म्होरक्या कोर्टात नाही. तिच्या जिवाला खरा धोका आहे तो समोर काळ्या डगल्यात उभ्या असलेल्या, तिचं सर्वस्व असलेल्या माणसाकडून. ती वाचायची तर त्याने विश्वास ठेवायला हवा; आणि तो जेवढा मेलेल्या बायकोवर प्रेम करतो, तेवढाच या जिवंत बाईवर तुटून पडतो. ती जेवढं खरं सांगते, तेवढी त्याला ती जास्त धूर्त वाटते. प्रेमच तिच्या विरुद्धचा पुरावा होऊन बसतं. दग्यावर बेतलेले कितीतरी चित्रपट मी पाहिले आहेत. त्यात भाऊ भावाला फसवतो, मित्र मित्राला. पण प्रामाणिकपणामुळे दगा घडतो, अशी मांडणी विरळाच.

मग येतो मंगळसूत्राचा प्रश्न. गीताने आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र काही झालं तरी काढणार नाही असं सांगितलेलं असतं. राकेशला ते ठाऊक असतं. आरोपीच्या गळ्यात ते नाही. तो विचारतो, कुठे आहे? इतका वेळ धडाधड उत्तरं देणारी बाई गप्प होते. तोंड उघडतं, शब्द निघत नाही. राकेशला वाटतं, चोर सापडला. पाहणाऱ्यालाही तसंच वाटतं, कारण मंगळसूत्रावर आपला सगळ्यांचा असाच विश्वास आहे. पुढे कळतं, की ती गप्प राहिली ती बहिणीसाठी. निशा ही तिची जुळी बहीण, टोळीतली रैना ती हीच, दरोडेखोराची बायको, पोलीस मागे लागल्यावर आसऱ्याला आलेली. मंगळसूत्र तिच्याकडे गेलं होतं. घरात मेली ती निशा. बाहेर पडलेल्या गीतेला टोळीने निशा समजून उचललं आणि पोलिसांनी रैना समजून पकडलं. पण हे कळेपर्यंत कोर्टातल्या त्या क्षणाने तिचं मन मोडलेलं असतं. तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथून एका रात्री पळून ती आपल्याच घरी येते आणि तेव्हा कुठे सगळं उलगडतं.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर या खटल्याला एक मोठं भगदाड आहे. जुळ्या बहिणींचे चेहरे सारखे असले तरी बोटांचे ठसे सारखे नसतात, आणि ठशांचं शास्त्र भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होतं. घरातल्या एखाद्या वस्तूवरचे ठसे आरोपीच्या ठशांशी ताडून पाहिले असते तर तासाभरात निकाल लागला असता. चित्रपट तिकडे वळतच नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. ठशांनी ती गीता आहे हे सिद्ध झालं असतं. नवऱ्याला तिच्यावर विश्वास ठेवावा लागला नसता. गोष्टीला हवा होता विश्वास. बाईचं म्हणणं केवळ तिच्या शब्दावर खरं मानलं जाईल का, हा गोष्टीचा मूळ प्रश्न आहे. त्याच दशकात, १९६७ च्या अखेरीस, विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेबाई पिंजऱ्यात उभी राहिली. तिथे खटला खोटा होता, खेळातला होता, तरी शिक्षा खरी झाली. लखोबा, ‘पाठलाग’ची नायिका, बेणारेबाई. पाच वर्षांत मराठीने तीनदा पिंजरा मांडला. पुरुष साफ खोटं बोलूनही ऐटीत उभा राहतो आणि बायका खरं सांगून मोडतात, हे या तिघांकडे एकत्र पाहिलं की लख्ख दिसतं.

‘पाठलाग’मध्ये भावना ही अभिनेत्री नायिका होती आणि नवरा होते डॉ. काशिनाथ घाणेकर. हे दातांचे डॉक्टर. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये त्यांनी संभाजी उभा केला आणि मराठी रंगभूमीला बापाशी भांडणारा, दुखावलेला, तापट तरुण मिळाला. तो संभाजी पाहिलेले लोक अजूनही त्यांच्या डोळ्यांबद्दल बोलतात. ‘पाठलाग’साठी राजाभाऊंनी हा नट निवडला यात मोठी समज होती. गोष्टीतला नवरा बायकोवर अन्याय करतो. नट थंड असता तर प्रेक्षकाने त्याचा तिरस्कार केला असता. दुःखाने पेटलेला, चुकतोय हे कळूनही थांबता न येणारा माणूस घाणेकरांच्या अंगातच होता. पुढे ‘अश्रूंची झाली फुले’तल्या लाल्याने त्यांना अफाट लोकप्रियता दिली. नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं झाल्यावर शेवटी, ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असं छापलं जाऊ लागलं. त्या एका नावावर प्रयोग हाउसफुल्ल होत. २ मार्च १९८६ रोजी, अमरावतीच्या मुक्कामी त्यांचं निधन झालं.

ठाण्यात त्यांच्या नावाचं महापालिकेचं नाट्यगृह आहे, मानपाड्याच्या बाजूला, हिरानंदानी मेडोजमध्ये. मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन १९७८ चं. शहर घोडबंदर रस्त्याने उत्तरेकडे पसरत गेलं तसं तिकडच्या वस्तीला गडकरी रंगायतन लांब पडू लागलं आणि दुसऱ्या नाट्यगृहाची गरज भासली. ‘पाठलाग’ आला तेव्हा इकडे कोण येणार होतं! येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचे पाडे, शेतं, आणि पोखरण रस्त्याच्या अंगाला उभे राहू लागलेले कारखाने. आज चितळसर-मानपाडा म्हणजे इमारतींची दाटी आणि डोक्यावर मेट्रोचे खांब. तिकडे कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. म्हणजे लखोबाचा लेखक कल्याणला आणि ‘पाठलाग’चा नायक मानपाड्याला, मराठी कोर्टनाट्याची ही दोन टोकं एकाच जिल्ह्यातल्या दोन इमारतींवर कोरलेली आहेत. ठाणे-डोंबिवलीकरांनी हे अभिमानाने सांगावं असं मला वाटतं.

‘पाठलाग’चा प्रवास मात्र मराठीबाहेर फार वेगाने झाला. १९६५ मध्येच तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला. के. आर. विजया यांनी दुहेरी भूमिका केली, निर्माते होते एल. व्ही. प्रसाद. याच प्रसादांनी १९६६ च्या ‘दादी माँ’ या हिंदी चित्रपटात घाणेकरांना घेतलं. मराठीतला नायक आणि मराठीतली गोष्ट दोन्ही एकाच वेळी बाहेर पडत होती. गोष्टीचं नशीब अधिक बलवत्तर निघालं.

राज खोसला हे गुरुदत्त यांच्या हाताखाली तयार झालेले. ‘सी. आय. डी.’ने त्यांचं नाव झालं होतं आणि १९६४ च्या ‘वह कौन थी’ने साधनेच्या चेहऱ्यातलं गूढ त्यांना गवसलं होतं. ‘मेरा साया’ आणि १९६७ चा ‘अनिता’ धरून साधनेसोबतचे त्यांचे हे तीन रहस्यपट एकत्र मोजले जातात. यांपैकी ‘मेरा साया’ मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण बाकीच्या दोन्हींत वातावरण गोष्टीला सांभाळून नेतं आणि इथे गोष्टच खणखणीत आहे. खोसलांना मराठी कथेचा कसदारपणा चांगला उमगला असावा. नंतर ‘दो रास्ते’ त्यांनी चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून केला आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ काकोडकरांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून. काकोडकर आणि देवकुळे, दोघेही मराठीत रंजनपर लेखक म्हणून बाजूला ठेवले गेले. हिंदी पडद्याने त्यांच्या गोष्टींवर कोट्यवधी लोकांना खिळवून ठेवलं. आपल्या वाङ्मयेतिहासाने यांच्यासाठी दोन पानं जास्त द्यायला हवी होती.

हिंदीत येताना गोष्टीचा पेहराव बदलला. कृष्णधवल जाऊन रंग आले, वकील ठाकूर झाला, घराची हवेली झाली, राजस्थान आणि दरोडेखोर आले. प्रेम चोप्रा म्होरक्या झाला. घोड्यांच्या टापा आणि बंदुका वाढल्या. मोठ्या देशभरच्या बाजारासाठी ते लागणारच. तरीही खोसलांनी कोर्टाला धक्का लावला नाही, आणि त्यांच्या जाणतेपणाची ही सर्वांत मोठी खूण आहे. साधनेने त्या पिंजऱ्यात जे काम केलं आहे ते तिच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम म्हणता येईल. केसांची ती प्रसिद्ध बट, ते चुडीदार, हे सगळं बाजूला ठेवून नुसता तिचा आवाज ऐकावा. सुरुवातीला तो ठाम असतो, मग विनवणीवर येतो, आणि मंगळसूत्राच्या प्रश्नानंतर फाटतो.

गाण्यांचीही अशीच देवाणघेवाण आहे. मराठीत माडगूळकरांचं गीत आणि दत्ता डावजेकरांचं संगीत होतं. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे आशा भोसले यांचं गाणं आजही रेडिओवर लागतं. मी नसले तरी माझी नजर तुझ्याभोवती घिरट्या घालत राहील, असा त्याचा भाव. रहस्यपटात तो प्रेमाचाही होतो आणि भयाचाही. हिंदीतल्या शीर्षकगीतात राजा मेहदी अली खाँ यांनी नजरेऐवजी सावली घेतली, मदनमोहन यांनी नंद रागाच्या आधाराने चाल बांधली आणि लताबाईंनी ती गायली. एकीकडे आशाबाई, एकीकडे लताबाई, आणि मराठी चालीमागे ते डावजेकर, ज्यांनी १९४७ च्या ‘आप की सेवा में’साठी लताबाईंकडून हिंदी चित्रपटातलं पहिलं पार्श्वगीत गाऊन घेतलं होतं. राजा मेहदी अली खाँ १९६६ च्या जुलैत गेले, ‘मेरा साया’च्या वर्षीच.

बरेलीच्या बाजारात झुमका पडल्याचं आशाबाईंचं गाणं ‘मेरा साया’तलंच. कोर्टाच्या गंभीर गोष्टीत ते एक रंगेल वळण होतं. आणि लोकप्रियतेत ते चित्रपटाच्याही पुढे गेलं. २०२० मध्ये बरेलीत एका नाक्यावर सुमारे चौदा फुटी झुमका उभारला गेला. एका गाण्यातल्या दागिन्यासाठी एका शहराने एवढं केलं, याचा मला मनापासून आनंद होतो. त्या झुमक्यापासून मागे मागे चालत गेलं तर वाट राज खोसलांकडून राजा परांजप्यांकडे आणि तिथून देवकुळ्यांच्या कादंबरीकडे येते.

१९६४ च्या फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, म्हणजे ‘पाठलाग’ आणि ते संग्रहालय एकाच वयाचे. तेव्हापासून जुन्या मराठी चित्रपटांच्या जतनाबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, पण जतन केलेला चित्रपट लोकांना दाखवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. घाणेकर नाट्यगृहात मोठ्या सभागृहाशिवाय एक छोटं सभागृहही आहे. तिथे एका रविवारी दुपारी ‘पाठलाग’ आणि संध्याकाळी ‘मेरा साया’ असे दोन खेळ लागोपाठ व्हावेत. मध्ये चहाला अर्धा तास. नंतर ज्यांना राहायचं आहे त्यांनी राहून बोलावं: भावना आणि साधना, घाणेकर आणि सुनील दत्त, डावजेकर आणि मदनमोहन. ठाण्यातल्या वकिलांनाही बोलवावं. उलटतपासणी बरोबर झाली का, हे त्यांच्याकडून ऐकायला मला आवडेल. आणि कल्याण-डोंबिवलीच्या लोकांना यायला सोपं जावं म्हणून खेळ साडेआठच्या आत संपवावेत.